कणकुंबीचा ओढा आणि मागचा डोंगर एकाच फोटोत कसा आणू?

खानापूरकर: रविवारी जांबोटीहून कणकुंबीला (बेळगावजवळ, खानापूर तालुका) गेलेलो. मलप्रभेला मिळणारा ओढा, मागं चोर्ल्याकडचा डोंगर, वर ढग. एक सेकंदाचं एक्स्पोजर दिलं (शटर तेवढा वेळ उघडं ठेवलं) तर पाणी सायीसारखं झालं, खळाळ गेलाच. आकाशही पांढरं. लहानपणी आज्जीबरोबर ह्याच ओढ्यावर धुणं धुवायला जायचो. त्या दगडांवरनं उसळणारं पाणी मला फोटोत पाहिजे. लेन्स १८-५५ मिमी, ट्रायपॉड आहे.

मलप्रभाकाठ: सेकंद फार झाला की ओ. पाण्याला वेग असेल तर १/४ ते १/८ सेकंद ठेवा, धारांच्या रेषा राहतात. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/११ (लेन्सचं छिद्र बारीक). सगळ्यात आधी पोलरायझर (लेन्सपुढं लावायचा, चकाकी कापणारा फिल्टर) घ्या. ओल्या दगडांवरची चकाकी जाते, तळातले गोटे दिसतात, आणि साधारण दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) उजेडही कमी होतो. आकाशासाठी ट्रायपॉड न हलवता दोन स्टॉप कमी करून दुसरा फोटो काढा, घरी कॉम्प्युटरवर दोन्ही जोडा.

घाटवाट: ट्रायपॉड गुडघ्याच्या खाली आणा. उभ्यानं काढलं की दगड बारके दिसतात. लेन्स १८ वर (सगळ्यात रुंद) ठेवून जवळच्या दगडाच्या जरा पलीकडं फोकस. आणि जुलैत पाणी लाल असतंय, सप्टेंबरअखेर निवळतं. वर घाटात पाऊस दिसला तर पात्रातनं लगेच बाहेर या, पाणी बघता बघता चढतं.

खानापूरकर: खाली बसून काढायचं सुचलंच नव्हतं. आज्जी बसायची त्याच दगडाजवळ ट्रायपॉड लावतो, १/६ नं सुरुवात. शनिवारी पहाटे निघतो, फोटो इथंच टाकीन.