काजूचं यंत्र आलं, बायकांची मजुरी कुठे गेली?

बोंडू:
परवा इथे एका ताईंनी लिहिलं की काजू फोडायची यंत्रं आणि ड्रायर आल्यापासून कोकणातल्या बायका मजूर न राहता उद्योजक झाल्या. मला मुळीच पटलेलं नाही. आमच्या गावच्या कारखान्यात उकडलेली बी बायकाच फोडायच्या. हाताला राख फासायची, कटरचा दांडा दाबायचा, किलोवर मजुरी. आता यंत्र फोडतं आणि यंत्रावर पुरुष. बायकांकडे उरलं गराची साल काढणं आणि अख्खा, पाकळी, तुकडा निवडणं. त्यालाही आता यंत्र आलंय. चार किलो बीतून जेमतेम किलोभर गर निघतो, त्यात बाईला काय मिळतं ते कोणी लिहीत नाही.

वेंगुर्ला_चार:
तुम्ही कधी फोडायला बसलायत? माझ्या आईची सगळी उमेद त्यात गेली. टरफलातल्या तेलाने बोटांची सालपटं निघायची, कालवणाला मीठ घालताना हात झोंबून डोळ्यांत पाणी यायचं. ती मजुरी गेली ते बरं झालं.

बोंडू:
बोटं वाचली, मान्य. पण त्या पैशांच्या जागी दुसरे पैसे आले का? तुमच्या आईला आले?

वेंगुर्ला_चार:
आईवर जाऊ नका.

रातांबा:
काजूवरून भांडताय, आमसुलांचं बघा. सालं रसात भिजवायची, उन्हात टाकायची, परत भिजवायची, आणि ऐन मे महिन्यात वळीव आला की खळ्यावरच्या सगळ्या मालाला बुरशी. बचत गटाने ड्रायर घेतल्यापासून माल फुकट गेलेला नाही. पैसे गटाच्या खात्यात येतात, तिथून ज्या त्या बाईच्या. यंत्राला नावं ठेवणाऱ्यांनी येऊन बघावं.

कातळसडा:
यंत्राचं सोडा हो. खरा घात आफ्रिकेच्या बीने केलाय. बाहेरची बी कारखान्यात भरून ठेवतात आणि आपल्या हंगामात दर पाडतात. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन आहे, पण व्यापाऱ्याच्या काट्यावर सगळी बी सारखीच! २०२४ ला किलोमागे १० रुपये अनुदान दिलं, त्यात काय होतं? हमीभाव द्या.

रातांबा:
ते १० रुपये तरी कोणाला मिळाले? ७/१२वर काजूची नोंद हवी, विक्रीची पावती हवी. बागेत वाकून बी वेचते बाई, सातबारा सासऱ्याचा. पिशवीभर बी दुकानात घालून ती साखर, चहा पावडर आणते, तिला पावती कोण देणार?

कातळसडा:
प्रत्येक गोष्टीत बाई-पुरुष आणू नका. दर मिळाला तर घरात सगळ्यांनाच मिळतो.

वेंगुर्ला_चार:
घरात म्हणजे तुमच्या खिशात.

कातळसडा:
आमच्याकडे हिशेब बायकोच ठेवते. माहीत नसताना बोलू नये.

बोंडू:
हमीभावाचा वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. रातांबाताई, तुमच्या ड्रायरचं पटलं, पण तो गटाचा आहे म्हणून. कारखान्याचं यंत्र मालकाचं, त्यातली बचतही मालकाची. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. उरलेल्या कर्जासाठी आमच्या इथल्या बँकेने बाईकडे जमिनीचे कागद मागितले. तुमच्या गटाला तारण काय द्यावं लागलं?

रातांबा:
तारण नाही. जुनं कर्ज वेळेवर फेडलं होतं, त्यावर दिलं. अडलं ते विजेच्या मीटरवर. शेड जाऊबाईंच्या नवऱ्याची, मीटर त्याच्या नावावर, आणि त्याला हंगामात वाटा हवा होता. शेवटी ग्रामपंचायतीची बंद खोली भाड्याने घेतली.