ऑगस्ट असेल तर केदारकंठा नकोच

पहिलाच हिमालयातला ट्रेक, सोबत पन्नाशीची बहीण आणि सुट्टी ऑगस्टमध्ये; केदारकंठा, हम्प्ता पास की व्हॅली ऑफ फ्लॉवर्स, असं तुम्ही विचारलंय. मग उत्तराखंडातलं केदारकंठा शिखर आधी बाद करा. त्याची खरी मजा डिसेंबर ते एप्रिलच्या बर्फात.

उरले हम्प्ता पास आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स. हम्प्ता ही हिमाचलातली खिंड, साधारण १४,००० फूट. कुलूच्या बाजूने हिरवंगार चढत जायचं आणि खिंड ओलांडली की पलीकडे लाहौलचे उघडेबोडके, तपकिरी डोंगर. एका दिवसात देश बदलल्यासारखं वाटतं. पण तंबूत राहावं लागतं आणि ओढे ओलांडावे लागतात. वाटेतल्या शिया गोरू मुक्कामाजवळच्या पाण्यात मी बूट काढून उतरले तेव्हा दहा पावलांत पायाची बोटं आहेत की नाहीत तेच कळेना! मोजे दोरीला वाळत घातले, ते सकाळी पापडासारखे कडक.

कळसूबाई दरवर्षी चढतो हा तुमचा आत्मविश्वास चांगलाच, पण ती ५,४०० फुटांवर संपते. तिथे विरळ हवेची परीक्षा होत नाही.

बहिणीसाठी मी व्हॅलीच म्हणेन. मुक्काम दरीजवळच्या घांघरिया गावात, छपराखाली. दरीत रात्री राहायला परवानगीच नाही, त्यामुळे पाठीवर फक्त डबा, पाणी आणि रेनकोट. दमली तर जवळच्या हेमकुंड साहिब गुरुद्वाराचा खडा चढ सोडून ती आराम करू शकते. फक्त पावसाने रस्ते बंद पडतात, म्हणून परतीचं तिकीट दोन दिवस राखून काढा.