हवेत पाऊण तास, घर ते घर किती? आपले अनुभव लिहा

चिकलठाणा ते मुंबई हवाई अंतर सरळ रेषेत साधारण 280 किलोमीटर. तरी तिकिटावर तास-सव्वा तास असतो, कारण ती वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर लागेपर्यंतची. आपल्या मराठवाड्यातून विमानाने जाताना खरा वेळ कुठे गेला, ते लिहा. सुरुवात मी करते.

आईला तपासणीसाठी मुंबईला न्यायचं होतं. बसून राहिलं की तिची कंबर धरते, म्हणून विमान. जालन्यातून पहाटे निघालो, विमानतळावर दीड तास आधी पोचलो. उड्डाण वेळेवर झालं. उतरायची सूचना झाली, पट्टे बांधले आणि विमान पुन्हा वळलं. वीस मिनिटं घिरट्या. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते आणि रांग आकाशात लागते. आई माझा हात घट्ट धरून बसली होती. दादरला मावशीच्या दारात पोचलो तेव्हा घर सोडून साडेसहा तास झाले होते. व्हीलचेअर मात्र तिकीट काढतानाच सांगून ठेवा, आईला तिचा फार आधार झाला.

*

नांदेडहून लिहितोय. 2017च्या डिसेंबरात अमृतसरचं थेट विमान सुरू झालं, तेव्हा शेजारच्या बीजींना सोबत म्हणून गेलो. सरळ अंतर 1400 किलोमीटरच्या आसपास, सचखंड एक्स्प्रेसला दीड दिवस लागतो. आम्ही दुपारच्या जेवणापर्यंत तिथे. बीजी खूश होत्या, पण वाटेतल्या स्टेशनांवर मिळणारा लंगर चुकला याची हळहळ त्यांना परत येईपर्यंत होती.

*

आम्ही उदगीरचे. लातूरला धावपट्टी आहे, पण रोजचं विमान नाही, म्हणून लेकीकडे लंडनला जायला हैदराबाद गाठलं. गाडीने पाच तास. जाताना हवेत दहा तासांच्या वर गेले, येताना जवळजवळ तासभर कमी. मला वाटलं, रस्ता वेगळा असेल. जावई म्हणाले, "मामा, दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो." तेव्हापासून तिकीट काढताना दोन्ही बाजूंच्या वेळा वेगवेगळ्या बघतो आणि गाडीवाल्याला त्याप्रमाणे सांगतो.

*

संभाजीनगर. जून 2025मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमने हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून मुंबईला गाडीनेच जातो. घर ते घर साडेपाच तास. दिल्लीला मात्र विमानच, हजारेक किलोमीटरला दोन तास. परभणी-हिंगोलीकडच्यांनी लिहा ना: तुम्हाला नांदेड सोयीचं पडतं की चिकलठाणा? भावाची बदली वसमतला झालीय, त्याला सांगायचंय.