मदत हवी आहे: प्रेसमध्ये बोटं गेलेल्या कामगाराचं सर्टिफिकेट, टक्के किती लिहायचे? (अर्जंट)

मावळ_ऑर्थो | शनिवार, २१ सप्टेंबर २०२४, रात्री ११.४०

नमस्कार. कोणी लेबर कोर्टाचं काम केलेलं असेल तर प्लीज लगेच सांगा. मी ऑर्थो (हाडांचा सर्जन) आहे, चाकणच्या बाजूला पार्टनरबरोबर छोटं हॉस्पिटल आहे. पॉवर प्रेसमध्ये (पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनमध्ये) बोटं गेलेला एक पेशंट आहे, वय २४, जखमा भरल्यात, स्टंप (बोटांचे उरलेले भाग) चांगले आहेत, सोमवारी त्याला सर्टिफिकेट द्यायचंय आणि टक्के किती लिहायचे तेच कळत नाहीये. एका पुस्तकात एक आकडा निघतो, नेटवर दुसरा, आणि त्याचा कॉन्ट्रॅक्टर तिसराच सांगतोय. एमएसला असताना हे कोणी शिकवलं नाही. फक्त आकडा आणि फॉरमॅट सांगा.

हाडवैद्य_नाशिक | रात्री ११.५८

डॉक्टर, सोपं आहे. अपंगत्वाच्या सरकारी गाइडलाइन्स आहेत त्यातला हाताचा तक्ता घ्या, प्रत्येक सांध्याची मूव्हमेंट मोजा, ग्रिप, पिंच, सेन्सेशन सगळं मोजा आणि बेरीज करा. मी तीस वर्षं असंच करतोय.

लेबर_वकीलताई | रविवार, सकाळी ७.१५

सर, आदर ठेवून सांगते, तो तक्ता इथला नाहीच. तो दिव्यांग प्रमाणपत्राचा, २०१६ च्या कायद्याखालचा, आणि ते प्रमाणपत्र सरकारने नेमलेल्या डॉक्टरांनीच द्यायचं असतं. कामगाराच्या भरपाईत प्रश्न वेगळा असतो, शरीर किती अधू झालं हा नाही तर कमावण्याची ताकद किती गेली हा. त्यासाठी १९२३ च्या कायद्याला पहिली अनुसूची जोडलेली आहे आणि बोटांचे टक्के तिथे छापलेलेच आहेत.

मावळ_ऑर्थो, आता तुम्ही सांगा. कोणती बोटं? कुठून गेली? कोणता हात? पगार किती? ईएसआय (कामगार राज्य विमा) कापतात का? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

मावळ_ऑर्थो | सकाळी ७.५०

सॉरी, घाईत राहिलं. उजवा हात, उजवाच कामाचा. तर्जनी पीआयपीतून (मधल्या सांध्यातून) गेलीये, मधलं बोट डीआयपीतून (टोकाजवळच्या सांध्यातून). पगार तो १४,००० म्हणतो, कॉन्ट्रॅक्टर म्हणतो कागदावर ९,०००. ईएसआय नाही असं कॉन्ट्रॅक्टरच म्हणाला.

लेबर_वकीलताई | सकाळी ८.१०

मग अनुसूचीप्रमाणे तर्जनीची दोन पेरं ११ टक्के, मधल्या बोटाचं एक पेर ७ टक्के. एकाच अपघातातल्या जखमांची बेरीज होते, म्हणजे १८. हिशोबही देते म्हणजे कॉन्ट्रॅक्टर किती वाचवू बघतोय ते कळेल. १४,००० चे ६० टक्के ८,४००, वय २४ चा कायद्यातला फॅक्टर २१८.४७, गुणाकार १८,३५,१४८ आणि त्याचे १८ टक्के म्हणजे ३,३०,३२७ च्या आसपास. महिन्याभरात दिले नाहीत तर वर १२ टक्के व्याज. दवाखान्याचा खर्च मालकाने वेगळा द्यायचा, तो यातून वजा होत नाही.

पगाराचा आकडा मात्र तुम्ही सर्टिफिकेटवर लिहू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. ते सिद्ध करायचं काम आमचं.

प्रेसशॉप_भोसरी | सकाळी ९.०२

मी २२ वर्षं प्रेसवर आहे, आधी ऑपरेटर आता सेटर. डॉक्टर, पेडलची प्रेस होती का दोन हातांच्या बटणाची? सेन्सर होता का? पेडलवर पाय पडला आणि हात डायमध्ये (साच्यात) राहिला की संपलं, डोळ्याचं पातं लवायच्या आत स्ट्रोक खाली. लाइट कर्टन बसवायला लागतो, हात आत गेला की रॅम (वरून खाली येणारा भाग) थांबतो, पण प्रॉडक्शन वाढवायचं म्हणून तो बायपास करून ठेवतात आणि नंतर म्हणतात पोराने गार्ड काढला. माझ्या डोळ्यासमोर तिघांची गेलीत. कंपन्यांना आधी सेन्सर सक्तीचा करा, सर्टिफिकेटं नंतर.

हाडवैद्य_नाशिक | सकाळी ९.३०

वकीलताई, छापील टक्केच लिहायचे तर डॉक्टर कशाला हवा? उजव्या हाताच्या माणसाची तर्जनी जाणं आणि डावखुऱ्याची जाणं सारखं कसं? तुमची अनुसूची हात विचारतच नाही. १८ हा आकडा अन्यायाचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

लेबर_वकीलताई | सकाळी ९.५५

हे मला पूर्ण मान्य. म्हणूनच आकड्याशेजारी त्याला काय करता येत नाही ते लिहायचं. १९७५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापला गेला होता, एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून १०० टक्के धरले. पण ‘हा प्रेसवर जॉब (मशीनखाली धरायचा तुकडा) धरू शकत नाही’ हे कोर्टाला कळणार कुठून? तुमच्या कागदावरून. नुसतं ‘१८ टक्के, सही, शिक्का’ असेल तर मी तिथे उभी राहून काय वाचू?

मुक्ता_स | सकाळी १०.२०

मध्येच विचारते, माझे सासरे ट्रकवर ड्रायव्हर होते, २०१९ ला अपघात झाला, आता काही करता येईल का?

लेबर_वकीलताई | सकाळी १०.२५

मुक्ताताई, अर्जाची मुदत दोन वर्षं, उशिराचं सबळ कारण असेल तर माफ होऊ शकते. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

सर्जन_कोल्हापूर | सकाळी ११.००

तुटलेलं बोट आणताना कोणीच नीट आणत नाही म्हणून लिहितोय. ओल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका, दुधात तर मुळीच नको. प्रत्येक प्रेसशॉपमध्ये हे भिंतीवर लावलं पाहिजे.

मावळ_ऑर्थो | सकाळी ११.४०

सर, हे चांगलं आहे पण माझ्या केसमध्ये अडीच महिने होऊन गेलेत. दोन्ही बोटं चिरडलेलीच होती, जोडण्यासारखं काही नव्हतं.

अजून एक, रिंग फिंगरपण कडक झालंय. टेंडन (बोट हलवणारी दोरी) चिकटलंय, मूठ मिटवताना ते बाहेरच राहतं. ते तुटलेलं नाही म्हणून मी धरलं नव्हतं. धरायचं का?

लेबर_वकीलताई | सकाळी ११.४८

डॉक्टर!! हे आता सांगताय? अनुसूचीच्या शेवटी टीप आहे, एखाद्या अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला असेल तर तो अवयव गेल्यासारखाच धरायचा. ते बोट सुधारेल की नाही हे तुम्ही सांगायचं.

निवृत्त_पॅनेल_डॉक्टर | दुपारी १२.३०

मी ईएसआयचा पॅनेल डॉक्टर होतो, एकोणीस वर्षं. सगळा धागा वाचला, टक्क्यांवर एवढी चर्चा झाली पण पहिला प्रश्न मागेच पडला. ईएसआय नाही हे कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं आणि तुम्ही ऐकलंत. तो काम कुठे करत होता, कॉन्ट्रॅक्टरच्या शेडमध्ये का कंपनीच्या आवारात? कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील आणि याचा पगार २१,००० च्या आत असेल तर तो विमेदार आहे, कॉन्ट्रॅक्टरचा असला तरी आणि त्याचं नाव कोणी भरलं नसलं तरी. सुप्रीम कोर्टाने हे सांगितलेलं आहे, वर्गणी भरली नव्हती म्हणून हक्क जात नाही, ईएसआय ती मालकाकडून वसूल करेल. कामावरच्या अपघाताला किती दिवस वर्गणी भरली हेपण बघत नाहीत, पहिल्या दिवशी हात गेला तरी हक्क आहे.

आणि ईएसआय लागू असेल तर १९२३ च्या कायद्याखाली मालकावर दावा चालत नाही. मग टक्के तुम्ही ठरवायचेच नाहीत, ते मेडिकल बोर्ड ठरवतं, तक्ता जवळपास तोच. कामावर जाता येत नव्हतं त्या दिवसांचे पगाराच्या ९० टक्क्यांनी पैसे, आणि कायमच्या अपंगत्वाची पेन्शन जन्मभर.

बोर्डासमोर तुमचे टक्के कोणी वाचत नाही. वाचतात तो पहिल्या दिवशीचा केस पेपर. त्यावर काय लिहिलंय? जसंच्या तसं इथे टाका.

मावळ_ऑर्थो | दुपारी ३.१५

हॉस्पिटलला जाऊन फाइल काढली. ११ जुलै, दुपारी ४.२०. मी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होतो, आरएमओने (ड्युटीवरच्या डॉक्टरने) लिहिलंय:

‘घरी लोखंडी दारात उजव्या हाताची बोटं अडकून जखम. हिस्ट्री सांगणार: सोबतचा सुपरवायझर.’

एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) केलेली नाही. फाइल बघताना हात थंड पडले माझे. ऑपरेशन नोटमध्ये मी स्वतः क्रश इन्ज्युरी (चिरडल्याची जखम) लिहिलंय, जखमेत ग्रीस होतं हेपण लिहिलंय, आणि पहिल्या पानावर दार. अडीच महिने ड्रेसिंग केलं मी त्याचं, पहिलं पान उलटून बघितलं नाही.

काल कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला होता, म्हणे सर्टिफिकेटवर पण तेच दारच लिहा, आम्ही त्याला ४०,००० देऊन विषय संपवतोय, तुमचं बिल आम्हीच भरलंय. हे आधी लिहायला हवं होतं.

प्रेसशॉप_भोसरी | दुपारी ३.३०

दारात अडकून जखमेत ग्रीस येत नाही साहेब. घरात कोणाच्या दाराला डायचं ग्रीस असतं?

हाडवैद्य_नाशिक | दुपारी ४.००

ते पान फाडू नका. व्हाइटनर नको, खाडाखोड नको, नवीन पान जुन्या तारखेने तर अजिबात नको. आजची तारीख, आजची वेळ टाकून वेगळी नोंद करा की आज पेशंटने स्वतः, शुद्धीवर, सोबत कोणी नसताना अशी हिस्ट्री सांगितली, आणि त्याचे शब्द त्याच्या भाषेत लिहा. पहिली हिस्ट्री सुपरवायझरची होती हे तिथे लिहिलेलंच आहे, तेच तुम्हाला आणि पेशंटला वाचवेल. ऑपरेशन नोटमधलं ग्रीस सोन्यासारखं आहे. आरएमओला ओरडू नका, त्याला शिकवा की हिस्ट्री कोणी सांगितली हे लिहायचंच, त्याने निदान ते केलंय.

फॅक्टरीची जखम म्हणजे एमएलसी, यावर मी वाद घालणार नाही. उशीर झाला तरी चौकीला कळवा, उशिराचं कारणही लिहून द्या. टक्क्यांच्या बाबतीत माझी चूक होती, वकीलताई बरोबर आहेत.

अनुभवी_नागरिक | दुपारी ४.२०

कशाला कोर्टकचेऱ्या? सामोपचाराने लाखभर मिळवून द्या, पोरगा गावी जाऊन दुकान टाकेल. कोर्टात आयुष्य जातं, डॉक्टरांचेपण दिवस मोडतात.

लेबर_वकीलताई | दुपारी ४.४५

दादा, तुम्हाला उशिराची चीड आहे ती समजते. पण कामगार भरपाईच्या कमिशनरकडे न नोंदवलेला समझोता टिकत नाही आणि हक्क सोडून दिल्याचा कागद कायद्याने रद्दच असतो. कॉन्ट्रॅक्टर पळाला तरी मुख्य कंपनी जबाबदार राहते. तीन लाखाच्या जागी लाखभर घे, हे त्या पोराला कोणत्या तोंडाने सांगू?

डॉक्टर, बिल त्याने भरलं म्हणून तो तुमचा पेशंट होत नाही. केस पेपरची कॉपी पेशंटने मागितली की ७२ तासांत पेशंटला द्यायची, कॉन्ट्रॅक्टरच्या हातात नाही. गार्ड कोणी काढला, चूक कोणाची, यावर एक शब्द लिहू नका. जखम, ऑपरेशन, आजची स्थिती, पुढे काय सुधारेल, काय नाही, आणि कोणती कामं जमत नाहीत, एवढंच.

निवृत्त_पॅनेल_डॉक्टर | संध्याकाळी ५.१०

सर्टिफिकेटवर पेशंटची ओळखीची खूण आणि सही किंवा अंगठा घ्यायला विसरू नका, एक प्रत स्वतःकडे ठेवा, मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियमच आहे तो. रिंग फिंगरला अजून फिजिओ चालू असेल तर ‘अंतिम’ लिहू नका.

मावळ_ऑर्थो | सोमवार, २३ सप्टेंबर, रात्री १०.०५

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

सकाळी पेशंटला एकट्याला बसवलं, दार लावलं आणि विचारलं. नांदेडकडचा मुलगा आहे. पहिली पाच मिनिटं तो दारातच अडकली म्हणत होता, मग म्हणाला सायबांनी सांगितलं होतं खरं बोललास तर दवाखान्याचा खर्च तुझा तुला. मग सगळं सांगितलं, कंपनीच्या आवारात, दुसरी शिफ्ट, पेडलची प्रेस, जॉब डायला चिकटला होता तो काढायला हात घातला. जसं बोलला तसं लिहिलं, आजची तारीख वेळ टाकून. चौकीला कळवलं. टक्के लिहिले नाहीत, रिंग फिंगरला आणखी सहा आठवडे फिजिओ लागेल म्हणून अंतरिम सर्टिफिकेट दिलं, त्यात लिहिलं की बारीक जॉब चिमटीत धरता येत नाही, हातोडा धरला की निसटतो, शर्टाचं बटण डाव्या हाताने लावतो. कंपनीच्या हजेरीच्या मशीनवर त्याची तर्जनी नोंदवलेली होती, तेपण त्यानेच सांगितलं, तेही लिहिलं.

सही करायला त्याने पेन अंगठा आणि त्या कडक बोटात धरलं, दोनदा सुटलं, तिसऱ्यांदा नाव झालं पण आधारवरच्या सहीशी जुळेना, म्हणून शेजारी डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मूळ कागद त्याच्याच हातात दिला. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस बाहेर बसला होता, त्याला सांगितलं, पेशंटकडून मागा.

बिबवेवाडीच्या ईएसआय ऑफिसला जायला तो घाबरतोय, एकटा कधी गेला नाही म्हणतो, आणि बुधवारी माझी दिवसभर ओटी आहे.

निवृत्त_पॅनेल_डॉक्टर | रात्री १०.२०

मी कोथरूडला राहतो. बुधवारी साडेदहाला गेटपाशी उभा राहीन. त्याला आधार, बँकेचं पासबुक आणि पगार खात्यात येत असेल तर त्या नोंदी आणायला सांगा. माझा नंबर तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.