मदत हवी आहे: गिळणं अवघड झाल्यावर घरी मॉर्फिन कसं द्यायचं?

वडिलांचा फुप्फुसाचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरला आहे. केमो थांबवायचा निर्णय त्यांचा स्वतःचा, पूर्ण शुद्धीत घेतलेला. त्यामुळे ‘अजून एका डॉक्टरांना दाखवा’ हा सल्ला कृपया नको. हॉस्पिसची (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेची) नर्स अधूनमधून घरी येते, एरवी टीम फोनवर असते.

मॉर्फिन तोंडाने दर चार तासांनी सुरू आहे, सोबत बद्धकोष्ठतेसाठी रेचक. दुखणं आटोक्यात आहे, धापही कमी झाली. (मॉर्फिनने माणूस लवकर जातो, ही नातेवाइकांची भीती टीमने दूर केली. योग्य मात्रेत तसं होत नाही.) जेवण जवळजवळ सुटलंय. या टप्प्यात भूक मंदावतेच, हे आम्ही स्वीकारलंय. नाकातून नळी घालायची नाही, हेही ठरलंय. तोंड कोरडं पडू नये म्हणून ओल्या स्पंजने पुसत राहतो.

अडचण अशी की आता गोळी गिळताना ठसका लागतो. टीमने दोन मार्ग सुचवलेत: गालाच्या आत थेंब थेंब सोडायचं द्रव औषध, किंवा कातडीखाली बारीक सुई ठेवून छोट्या पंपाने सतत औषध. रात्री घरी मी आणि आई दोघंच, आणि आईचे हात थरथरतात. हॉस्पिसमध्ये खाट मिळू शकते, पण वडिलांना घरीच राहायचंय.

ज्यांनी घरी पंप सांभाळलाय त्यांनाच विचारतोय: रात्री सुईची जागा सुजली किंवा पंप थांबला, तर टीम येईपर्यंत तुम्ही काय केलंत? आणि आता घरी निभणार नाही, हे नेमकं कशावरून ठरवलंत?