भर घालायला मिठाचं पाणी नको
वर ज्यांनी लिहिलंय ना की रीफ टँकमधलं (कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं) पाणी कमी झालं की मीठ कालवून भर घालतो आणि तरी कोरल मिटूनच बसतायत, त्यांची गडबड तिथेच आहे. अहो, वाफ होऊन जातं ते फक्त पाणी, मीठ सगळं टाकीतच राहतं, त्यात तुम्ही वरून आणखी ओतताय म्हणजे खारटपणा चढतच जाणार. रोजची भर साध्या आरओडीआय पाण्याची (फिल्टरने क्षार काढून टाकलेल्या), मिठाचं पाणी फक्त वॉटर चेंजला. खारटपणाचं रीडिंग ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) म्हणजे विशिष्ट गुरुत्व साधारण १.०२६ च्या आसपास हवं. आणि काट्याचं हायड्रोमीटर (खारटपणा मोजायचं साधन) असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे आधी टिचकी मारून उडवा, ते काटा वर उचलतात आणि रीडिंग जास्त दिसतं. मी महिनाभर त्या नादात खारटपणा उगाच कमी करत बसलो होतो, झोअँथिड (कोरलसारखेच जीव) सगळे आक्रसले तेव्हा कुठे ट्यूब पेटली 😅 आता चढलेला खारटपणा एका दिवसात खाली आणू नका हं, थोडं थोडं करत आठवडाभर जाऊ दे. अल्कलिनिटीचंही (पाण्याची आम्ल पचवायची ताकद) तसंच, ८ डीकेएच (तिचं एकक) आहे का ९ यापेक्षा ती रोज तेवढीच राहते का ते बघा. नवीन मासा तर सध्या अजिबात नको.