मदत हवी आहे: आईचा अल्झायमर, 'नर्व्ह ग्रोथ फॅक्टर' वाढवणाऱ्या कॅप्सूल आणि बीडीएनएफची तपासणी

पाणकळा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक विचारतेय, सांभाळून घ्या.

आईला (वय ७१) अल्झायमरची सुरुवात असल्याचं निदान झालंय. न्यूरॉलॉजिस्टनी डोनेपेझिल सुरू केलंय. बीपी, शुगर काही नाही, हिंडती-फिरती आहे. आता माझा मामा हात धुऊन मागे लागलाय. त्याने एक व्हिडिओ पाहिला. त्याचं सार असं की अल्झायमर म्हणजे मेंदूतला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर (एनजीएफ, चेतापेशींना जगवणारं प्रथिन) आटणं, तो वाढवला की मेलेल्या पेशी पुन्हा उभ्या राहतात. त्याने लायन्स मेन मशरूमच्या कॅप्सूल पाठवल्यात, वर "बीडीएनएफची रक्ततपासणी करून घे, म्हणजे किती कमी आहे ते कळेल" असंही बजावलंय. डॉक्टरांना विचारलं तर "त्या नादी लागू नका" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. कारण काही कळलं नाही.

एनजीएफ आणि बीडीएनएफ एकच का? मेंदूला ते खरोखर लागत असतील तर सरळ इंजेक्शनने का देत नाहीत? आणि त्या तपासणीला काही अर्थ आहे का?

मामा आईचा एकुलता एक भाऊ. तो घाबरलाय म्हणून हे सगळं करतोय, तेव्हा त्याला नुसतं "फेकून दे" म्हणणं जिवावर येतं. "अगं, नोबेल मिळालंय यावर!" हा त्याचा हुकमी एक्का आहे.

गवतफुला

विज्ञानातलं जाणकार सांगतीलच. पण रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कुठलीच कॅप्सूल न विचारता देऊ नका. पुड्यावरचा मजकूर डॉक्टरांना दाखवा.

अक्षांश

मामांचा एक्का खरा आहे. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं, त्यात एनजीएफचा शोध होताच. गंमत अशी की त्यांचा व्हिडिओ जिथे घसरतो त्याचं उत्तर त्याच शोधात आहे.

लेव्ही-मोंताल्चिनी कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम करायच्या. गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात. त्यांचे तंतू स्नायूकडे, त्वचेकडे, जिथे जायचं तिथे पोचतात आणि तिथल्या ऊती एनजीएफसारखी प्रथिनं थोडी थोडी सोडतात. ज्या पेशीला ते मिळतं ती जगते, बाकीच्या मरतात. म्हणजे हे प्रथिन तयार होतं तंतूच्या टोकाला, आणि तिथून उलटा प्रवास करत पेशीच्या केंद्राकडे येतं. किती आहे याइतकंच कुठे आहे हेही महत्त्वाचं, आणि सगळी मेख इथेच आहे.

बीडीएनएफ (ब्रेन-डिराइव्ड न्यूरोट्रॉफिक फॅक्टर) हा त्याच घराण्यातला, पण वेगळा. इव्ह-अलाँ बार्द आणि हान्स थोनेन यांनी १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून तो वेगळा केला. ग्राही म्हणजे पेशीवर बसून असं प्रथिन पकडणारा रेणू; एनजीएफचा ग्राही ट्रकए, बीडीएनएफचा ट्रकबी. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या भागात आठवणी पक्क्या होताना पेशींमधले सांधे बळकट होतात, त्यात बीडीएनएफचा मोठा हात असतो.

आता अल्झायमर. मेंदूच्या पुढच्या भागात तळाशी काही पेशी असतात. त्या अॅसिटिलकोलीन हे पेशींमध्ये निरोप नेणारं रसायन बनवतात आणि त्यांचे लांब तंतू सगळ्या कॉर्टेक्सभर, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, पसरलेले असतात. या पेशी एनजीएफवर जगतात आणि या आजारात त्या लवकर खंगतात. तुमच्या आईंची डोनेपेझिल त्यांनीच बनवलेलं अॅसिटिलकोलीन टिकवून धरते. पण "एनजीएफ आटलं" हे खरं नाही. रुग्णांच्या कॉर्टेक्समध्ये एनजीएफचं कच्चं रूप, प्रोएनजीएफ, उलट वाढलेलं सापडतं. कमी होतात ते ट्रकए ग्राही, आणि एनजीएफ पेशीपर्यंत नीट पोचत नाही. शहरात टपाल भरपूर आहे, पण पोस्टमन घटलेत आणि घरांच्या पेट्या तुटल्यात, असा प्रकार. त्यात प्रोएनजीएफ पी७५ नावाच्या दुसऱ्या ग्राहीला चिकटलं तर पेशीला मरण्याचा निरोपही जाऊ शकतो. तेव्हा 'वाढवा' हा सल्ला ऐकायला जितका सोपा, तितका तो नाही.

पाणकळा

वा, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं! मग इंजेक्शन? की कुणी करूनच पाहिलं नाही?

अक्षांश

करून पाहिलंय, आणि चांगलं हात पोळेपर्यंत. एनजीएफ हे बऱ्यापैकी मोठं प्रथिन आहे, रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून नव्वदच्या दशकात स्टॉकहोममध्ये तीन अल्झायमर रुग्णांच्या मेंदूतल्या पोकळीत नळी घालून ते थेट सोडलं. स्मृतीत ठोस फरक पडला नाही, पण पाठदुखी सुरू झाली आणि वजन उतरलं. कारण वेदना वाहणाऱ्या चेतातंतूंनाही एनजीएफ हवं असतं, आणि त्याने ते जास्त हळवे होतात.

मग पुढची शक्कल: निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून एनजीएफचं जनुक नेमकं त्या पेशींजवळ टोचायचं. ४९ रुग्णांवर पद्धतशीर चाचणी झाली, निकाल २०१८ मध्ये आला. शस्त्रक्रियेचं निव्वळ नाटक केलेल्या गटापेक्षा काही फायदा नाही. नंतर मृत्यू पावलेल्या काही रुग्णांचे मेंदू तपासले तेव्हा दिसलं की एनजीएफ टोचल्या जागेपासून फारसं पसरलंच नव्हतं, ज्या पेशींसाठी दिलं त्यांच्यापर्यंत ते गेलं नव्हतं. माझ्या मते या क्षेत्रातला हा सगळ्यात चटका लावणारा निकाल. कल्पना चूक होती की नेम, हेही त्यातून ठरत नाही. कवटी उघडून काही मिलिमीटरवर टोचलेलं जिथे पोचलं नाही, तिथे पोटातून गेलेली कॅप्सूल पोचेल का, हा प्रश्न मामांनाच विचारा.

जिथे थेट पोचता येतं तिथे मात्र हेच प्रथिन औषध झालंय. सेनेगर्मिन नावाचे एनजीएफचे डोळ्यात घालायचे थेंब २०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. चेतातंतू खराब झाल्याने डोळ्याच्या बुब्बुळावरच्या जखमा भरत नाहीत, त्यासाठी. उलट बाजूने, एनजीएफला अडवणारं टॅनेझुमॅब नावाचं औषध गुडघेदुखीसाठी आणू पाहत होते. दुखणं कमी व्हायचं, पण काहींचे सांधे झपाट्याने झिजले. २०२१ मध्ये एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागारांनी १९ विरुद्ध १ असं त्याच्याविरुद्ध मत दिलं.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तपासणीबद्दल तेवढं सांगते. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. रक्त गोठताना ते बाहेर पडतं. म्हणून गोठलेल्या रक्ताच्या सीरममध्ये आकडा मोठा येतो आणि न गोठू दिलेल्या रक्ताच्या प्लाझ्मामध्ये कितीतरी कमी. नळी किती वेळ ठेवली, यंत्रात किती फिरवली यावरही आकडा हलतो. आईंच्या हिप्पोकॅम्पसमध्ये काय चाललंय ते त्यातून कळत नाही. संशोधनात शेकडो माणसांची सरासरी काढायला ठीक, एका माणसाचा रिपोर्ट वाचून उपचार ठरवायला नाही. आकडा कमी आला तर उगाच धास्ती, जास्त आला तर उगाच निर्धास्त.

कुणी 'व्हॅल६६मेट' ही जनुक तपासणी सुचवली तर तीही नको. बीडीएनएफच्या साखळीत ६६व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी मेथिओनिन असतं, एवढाच तो बदल. निरोगी माणसांतही तो सर्रास आढळतो, आणि त्यामुळे आईंच्या गोळीत काही बदल होणार नाही.

चालता_बोलता

बीडीएनएफ वाढवायचा खात्रीचा मार्ग एकच, चालणे! २०११ चा प्रसिद्ध अभ्यास आहे. ५५ ते ८० वयाचे १२० लोक, त्यातले निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा चालले, त्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा १.४ टक्के आकसला.

अक्षांश

@चालता_बोलता, 'खात्रीचा' शब्द जरा आवरा. अभ्यास चांगला आहे, पण त्यातल्या कुणालाही डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) नव्हता. आणि स्मृतीची चाचणी दोन्ही गटांत सुधारली, चालणाऱ्यांची वेगळी उठून दिसली नाही. तरी चालावंच, झोप, हृदय, मूड सगळ्याला बरं. पण "चालल्याने आजार उलटेल" असं आईंना सांगू नका. न चालता आल्याच्या दिवशी त्या स्वतःला दोष देत बसतील.

लायन्स मेन राहिलंच. त्यातले एरिनासिन, हेरिसेनोन वगैरे पदार्थ काचेच्या बशीतल्या पेशींना एनजीएफ बनवायला लावतात, हे खरं. माणसांवरचा २००९ चा जपानी अभ्यास सगळे दाखवतात. विसरभोळेपणाची सौम्य तक्रार असलेले जेमतेम तीस लोक, १६ आठवडे. गुण थोडे सुधारले, बंद केल्यावर ओसरले. तो अल्झायमर नव्हता, आणि तेवढ्यावर औषध ठरत नाही.

पाणकळा

मनापासून आभार. तपासणी रद्द. कॅप्सूलचं पाकीट पुढच्या भेटीत डॉक्टरांपुढे ठेवते, तोवर सुरू करत नाही. मामाला स्टॉकहोम आणि ४९ रुग्णांची गोष्ट सांगितली. पाच मिनिटं गप्प होता, मग म्हणाला, "मग मी काय करू ते तरी सांग." त्याला आईला रोज फिरवून आणायचं काम दिलंय. @अक्षांश, "आजार उलटेल" हे वाक्य वर्ज्य आहे असंही बजावलंय.

निवडुंग

थोडं अवांतर. आमच्या काकांना स्ट्रोकनंतर सेरेब्रोलायसिनची इंजेक्शनं देतायत. तेही 'ग्रोथ फॅक्टरसारखं' आहे म्हणे. त्याचं काय?

अक्षांश

ते डुकराच्या मेंदूतल्या प्रथिनांचे तुकडे करून बनवतात. काही देशांत वापरतात, अमेरिकेत मंजुरी नाही. त्यावर लिहायला बरंच आहे आणि स्ट्रोक हा निराळा विषय. वेगळा धागा काढा, इथे पाणकळाताईंच्या प्रश्नात ते हरवेल. आणि चालू इंजेक्शनं आमच्या भरवशावर मध्येच बंद करू नका.